शुगर ग्लायडर आणताना: आधी कागद, मग पपई

आम्ही जॉर्जियात, अटलांटाच्या उत्तरेला राहतो. मॉलमधल्या एका स्टॉलवर पिल्लू तळहातावर घेऊन दाखवत होते, तिथूनच शुगर ग्लायडरचं, म्हणजे झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या, पोटाशी पिशवी असलेल्या त्या इवल्याशा प्राण्याचं वेड लेकीच्या डोक्यात शिरलं. विकणाऱ्याचं म्हणणं, एकच घ्या, दिवसभर खिशात ठेवा, गोळ्यांचं खाणं आणि सफरचंदाची फोड दिली की झालं. पिल्लू कुठून आणलं याचा कागद मागितला तर म्हणाला, "नंतर ईमेल करतो." लेकीला घेऊन मी सरळ बाहेर पडले.

हा प्राणी पाळायला जॉर्जियात परवाना लागत नाही. मात्र तो मुळात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या देखरेखीखालच्या ठिकाणाहून आलाय, याचा पुरावा जवळ हवा. शेजारच्या राज्यातला नियम वेगळा असू शकतो. कॅलिफोर्निया, हवाई आणि अलास्कात तर पाळायला बंदीच आहे.

मग एक ब्रीडर, म्हणजे घरी पिल्लांची पैदास करून विकणारी बाई गाठली. आम्ही तिला जेवढं विचारलं, त्याहून जास्त तिने आम्हाला विचारलं. "कॅलिफोर्नियात बदली झाली तर काय करणार?" इथे नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागलो. व्हिसावरच्या माणसाला पुढच्या वर्षाचंही सांगता येत नाही, आणि हे प्राणी नीट सांभाळले तर दहा-बारा वर्षं सहज जगतात. माझी मावसबहीण इथे घर घेऊन कायमची राहिली आहे. वेळ आली तर ती सांभाळेल, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं, तेव्हा कुठे नाव नोंदवलं.

ब्रीडरने पिल्लांच्या आईबापांची वंशावळ दाखवली. जवळच्या नात्यातली जोडी लावलेली नाही, हे त्यावरून कळतं. पिल्लू आईच्या पिशवीत साधारण सत्तर दिवस असतं. बाहेर आल्यावरही निदान आठ आठवडे ती पिल्लू देत नाही. शिवाय एकटं तर देतच नाही, कारण हे कळपात राहणारे जीव, एकटे पडले की स्वतःचेच केस उपटतात. आम्ही दोन बहिणी घेतल्या, म्हणजे नसबंदीचाही प्रश्न मिटला. घरी आल्यावर हात जवळ नेला की रिकामा मिक्सर फिरवावा तसा घुर्र आवाज काढायच्या. लेक रोज त्यांची कापडी पिशवी गळ्यात अडकवून अभ्यासाला बसायची, तेव्हा हळूहळू निवळल्या.

खरं काम खाण्याचं. ऑस्ट्रेलियाच्या जंगलात हे निलगिरीचा रस, बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, फुलातला मध, पराग आणि किडे खातात. नुसत्या फळांवर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय लुळे पडतात. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. म्हणून पपई चालते आणि मका त्यांना कितीही आवडला तरी क्वचितच. ब्रीडर स्वतः जे खाणं द्यायची तेच तिने पुढे चालू ठेवायला सांगितलं: वोंबारू कंपनीची प्रथिनांची पावडर, मध, अंडी, पराग आणि कोमट पाणी. हे आहार ठरावीक मापाचे असतात. एकातलं थोडं, दुसऱ्यातलं थोडं असं करून माप बिघडवायचं नाही. मी एकदम करून फ्रीजरमध्ये ठेवते. मधामुळे ते दगडासारखं गोठत नाही, चमचा सहज रुततो. त्यासोबत बारीक चिरलेलं फळ आणि भाजी. कांदा, लसूण, चॉकलेट, ॲव्होकॅडो वर्ज्य.

ताटली संध्याकाळी अंधार पडल्यावर ठेवायची, कारण त्यांचा दिवस तेव्हा सुरू होतो. फळातला रस चोखून चोथा थुंकतात, तोही नेमका भिंतीवर. त्यांच्या खाण्यातल्या अळ्यांचा डबा फ्रीजमध्ये असतो. सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा तो गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये हलवला. आठवड्यातून एकदा दोघींना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. धाकटी सध्या पपई बाजूला सारून रताळंच खाते. वजन टिकून आहे, पण पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारणार आहे.