नोट वाजते म्हणजे केबल चांगली, असं नसतं

मामाचा यामाहा डीएक्स7 हा जुना सिंथ (विजेवर आवाज घडवणारा की-बोर्ड) माझ्याकडे आला तेव्हा मी पहिल्यांदा 'फंक्शन' या सेटिंगच्या भागात जाऊन 14 नंबरचं बटण दाबलं. तिथे आतल्या बॅटरीचा व्होल्टेज दिसतो. आकडा होता 2.4. नवी बॅटरी साधारण 3 च्या वर दाखवते. आतल्या मेमरीत 32 आवाज, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांसारखे तयार ध्वनी, राहतात आणि की-बोर्ड बंद असताना ते या एका बटणसेलच्या जिवावर तग धरून असतात. सेल संपला की आवाज गेले. कारखान्यातून आलेले मूळ आवाज कुठेही मिळतात, त्यांची मला काळजी नव्हती. पण या 32 पैकी 11 मामाने स्वतः बनवलेले होते, आणि ते जगात दुसरीकडे कुठेच नव्हते.

त्यातला शेवटचा, 32 वा, म्हणजे 'फटफटी'. पडद्यावर नावाला दहाच अक्षरं मिळतात, आणि रोमन लिपीत फटफटी नऊ अक्षरांत बसते. मामाला दोनच नाद, वाद्यं आणि मोटारसायकली. दोन्हींवर तीच तीन ट्यूनिंग फोर्कची खूण, कारण मुळात ही वाद्यांचीच कंपनी. 1887 साली तोराकुसु यामाहांनी एक बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला तिथून सगळं सुरू झालं. मोटारसायकली आल्या 1955 मध्ये. लहानपणी मामा खालची सा धरून पिच व्हील (सूर वर-खाली सरकवणारं चाक) हळूहळू पुढे ढकलायचा, आणि खोलीत टू-स्ट्रोक इंजिन रेस व्हायचं. मी की-बोर्डाच्या बाकावर मागे बसून त्याची कंबर धरायचो. तो आवाज माझ्या ताब्यात असताना पुसला गेला असता तर मामाला तोंड दाखवणं मला जड गेलं असतं.

म्हणून क्रम ठरवला: आधी आवाज संगणकावर उतरवून घ्यायचे, मग बॅटरी बदलायची, मग आवाज परत भरायचे. तुमच्याकडे असा जुना सिंथ असेल तर हा क्रम उलटा करू नका. आणि सुरुवात करण्याआधी बॅटरीचा आकडा रोज एका कागदावर लिहीत चला. आपल्याकडे किती वेळ आहे ते त्यावरूनच कळतं.

उतरवून घेण्याचं काम खरं तर सोपं आहे. ते मिडीवरून होतं, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिच्यातून. फंक्शनमध्ये 8 नंबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत गेलं की आधी मिडी चॅनल येतो, मग 'सिस इन्फो अनअव्हेल' येतं, ते 'अव्हेल' करायचं, आणि पुढच्या दाबाला 'मिडी ट्रान्समिट?' असा प्रश्न येतो. हो म्हटलं की 32 आवाज एका दमात बाहेर पडतात. हा सगळा ऐवज किती? 4104 बाइट. त्यातले 4096 आवाजांचे, बाकीचे आठ म्हणजे पुढचा मथळा, मागची पडताळणीची बेरीज आणि शेवटची खूण. मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे सव्वा सेकंदाच्या थोडं वर. एवढंच काम.

त्याला मला एकोणीस दिवस लागले.

माझ्याकडे यूएसबीची साधी मिडी केबल होती, एका बाजूला यूएसबी, दुसरीकडे दोन पाच पिनांचे जोड आणि मध्ये लुकलुकणारी डबी. नवीनच घेतलेली. जोडली, की-बोर्डावर सूर वाजवले, संगणकात उमटले. मग ट्रान्समिट केलं. डबीतला दिवा पेटला, विझला, फाइल तयार झाली. फाइल उघडली तर चूक. पुन्हा केलं, पुन्हा चूक. तीन फाइलींचे आकार बघितले: 4089, 4062 आणि 3987. एकाच की-बोर्डातून, एकच बटण दाबून, तीन वेळा तीन वेगळे आकार.

विक्रेत्याच्या तक्रार विभागाला लिहिलं. उत्तर आलं, की-बोर्ड वाजवल्यावर दिवा पेटतो का? म्हटलं, पेटतो. संगणकात सूर येतात का? म्हटलं, येतात. लगेच पुढचं उत्तर: उत्पादन व्यवस्थित चालत आहे. आणि तक्रारीपुढे शिक्का, 'निराकरण झाले'. मी पुन्हा तक्रार उघडली. या वेळी फॉर्म भरायला लावला. त्यात दोषाचे पर्याय चार: केबल तुटलेली, दिवा लागत नाही, संगणक ओळखत नाही, सूर येत नाहीत. माझा दोष त्यात नव्हता. 'इतर' असा पर्यायही नव्हता. पर्याय निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी 'सूर येत नाहीत' निवडलं, खालच्या रकान्यात खरं काय ते सविस्तर लिहिलं. चार दिवसांनी उत्तर, सूर येत नसल्याचा व्हिडिओ पाठवा. म्हणजे रकान्यातलं कोणी वाचलंच नव्हतं.

या चार दिवसांत बॅटरीचा आकडा 2.4 वरून 2.3 झाला.

मला राग का आला ते नीट सांगतो, कारण यात तांत्रिक मुद्दा आहे आणि तो प्रत्येकाने समजून घ्यावा असं मला वाटतं. एक सूर म्हणजे तीन बाइट: सूर सुरू झाला, कुठला, किती जोरात. तीन बाइट कुठलीही केबल पोचवते. पण आवाजांची अख्खी थप्पी म्हणजे 4104 बाइट सलग, मध्ये श्वास न घेता. स्वस्त डबीतली तात्पुरती साठवण इवलीशी असते. ती भरली की मधलेच तुकडे गळतात आणि कोणी सांगत नाही की गळले. मामाने मला गाडीवर हेच शिकवलं होतं. प्लग बाहेर काढून किक मारली की निळी ठिणगी दिसते, माणूस खूश होतो. तोच प्लग आत बसवल्यावर दाबाखाली ठिणगी टाकतोच असं नाही. उघड्यावरची ठिणगी हा पुरावा नव्हे. मी हे उदाहरण तक्रार विभागाला जसंच्या तसं लिहून पाठवलं. उत्तर तेच, दिवा पेटतो का?

आठव्या दिवशी रात्री मी त्या तीन आकड्यांकडे बघत बसलो होतो. 4104 मधून एकेक वजा केला. 15 कमी. 42 कमी. 117 कमी. तिन्हींना तीनने भाग जातो. आणि यूएसबीवर मिडी जाताना नेमकी तीन-तीन बाइटांची पाकिटं होऊन जाते. म्हणजे गळती होत होती ती पाकिटांत भरल्यानंतर, डबीच्या आत. मामाचा की-बोर्ड निर्दोष होता. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. हा शोध तीन ओळींत लिहून, तिन्ही फाइली जोडून तक्रारीत टाकला. तिसऱ्यांदा शिक्का, 'निराकरण झाले'. आजही ती तशीच आहे. पैसे परत मिळाले नाहीत, आणि एव्हाना मला ते नकोही होते. कोणीतरी एकदा 'हो, तुमचं बरोबर आहे' म्हणायला हवं होतं.

इथे एक आठवलं, आधीच सांगायला हवं होतं. अशा केबलींवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सगळ्यांचा सारखा नसतो. काहींवर 'इन' म्हणजे हा जोड की-बोर्डाच्या इनमध्ये लावा, काहींवर हा जोड स्वतःच इन आहे, म्हणजे की-बोर्डाच्या आउटमध्ये लावा. काहीच येत नसेल तर आधी अदलाबदल करून बघा. माझा पहिला अर्धा तास यातच गेला होता.

आकडा 2.3 झाला तेव्हा मी की-बोर्ड बंद करायचंच थांबवलं. चालू असताना मेमरीला वीज आतल्या पुरवठ्यातून मिळते, सेलवर भार येत नाही. स्विचवर कागदाची पट्टी चिकटवली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बंद करू नये'. घरातल्या प्रत्येकाला दाखवली. आणि वीज गेली तर काय, म्हणून वही-पेन घेऊन बसलो. एका आवाजाचे नाव सोडून 145 आकडे असतात: सहा ऑपरेटर (लहर बनवणारे भाग), प्रत्येकाचे 21, आणि सगळ्यांत मिळून 19. एडिटमध्ये जाऊन एकेक बटण दाबायचं, दोन ओळींच्या त्या छोट्या पडद्यावर आकडा वाचायचा, लिहायचा. संध्याकाळभरात दोनच आवाज झाले, पैकी एक फटफटी.

पण ती संध्याकाळ मला फार देऊन गेली. फटफटीचा अल्गोरिदम (ऑपरेटर एकमेकांना कसे जोडलेत ती रचना) निघाला 5, म्हणजे दोन-दोन ऑपरेटरांच्या तीन जोड्या. याच रचनेवर डीएक्स7 चा तो प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानो उभा आहे, ऐंशीच्या दशकातल्या हळुवार गाण्यांत जो काचेच्या गोट्या पडाव्यात तसा वाजतो. आकडे लिहिता लिहिता लक्षात आलं, मामाने तोच पियानो घेऊन तो मोडत नेला होता. फीडबॅक (ऑपरेटरची लहर त्याच्यातच परत सोडणं) सातवर, म्हणजे कमाल. त्यामुळे सूर फाटतो आणि सायलेन्सरचा खरखराट येतो. एलएफओने, म्हणजे संथ डोलणाऱ्या लहरीने, आवाजाला धडधड दिली होती. जॉन चाउनिंग यांनी 1967 मध्ये स्टॅनफर्डला एका लहरीने दुसरी हलवण्याची जी युक्ती शोधली, त्यावर 1983 मध्ये हा की-बोर्ड बाजारात आला, आणि त्याच्यावर माझ्या मामाने कार्ब्युरेटर जुळवावा तसा एकेक आकडा फिरवून आपली गाडी बनवली.

शेवटी सुटका झाली ती अगदी साधेपणाने. एका मित्राकडे रेकॉर्डिंगचा ऑडिओ इंटरफेस (वाद्यं आणि माइक संगणकाला जोडणारी पेटी) होता, त्याच्या मागच्या बाजूला पाच पिनांची मिडीची भोकं होती. तो घेऊन आला. जोडला, ट्रान्समिटला हो म्हटलं. फाइल: 4104. पुन्हा: 4104. तिसऱ्यांदा: 4104, आणि तिन्ही फाइली बाइटन् बाइट सारख्या. वहीतले दोन आवाज संगणकातल्या आकड्यांशी ताडून बघितले, सगळे जुळले. तीन फाइली तीन ठिकाणी ठेवल्या, एक मामाला पाठवली.

तुम्हीही एका उतरवणीवर विश्वास ठेवू नका. तीनदा उतरवा, आकार बघा, एकमेकींशी ताडा. फाइलीची सुरुवात एफ0 43 अशी हवी (43 हा यामाहाचा क्रमांक) आणि शेवट एफ7. इंटरफेस घेण्याआधी शक्य असेल तर त्याच्याच आउटमधून त्याच्याच इनमध्ये साधी मिडी केबल लावा, 4104 बाइटची कुठलीही फाइल पाठवा आणि जशीच्या तशी परत येते का बघा. दोन मिनिटांत निकाल लागतो. विक्रेत्याला विचारायचं तर 'मिडी चालतं का' असं विचारू नका, 'लांब सिसेक्स पूर्ण जातं का' असं विचारा (आवाजांची ही थप्पी ज्या प्रकारच्या मिडी संदेशातून जाते तो सिसेक्स).

बॅटरी बदलायला अर्धा तास लागला. सेल सीआर2032, पण मूळचा बोर्डावर डाग देऊन बसवलेला असतो. वायर आधी भिंतीतून काढा. नवा सेल थेट डागू नका, सेलला उष्णता सोसत नाही. सॉकेट डागा आणि त्यात सेल बसवा. अधिक-उणे कुठल्या बाजूला ते काढण्याआधी फोटोत घ्या. बटण 14: आकडा 3.1.

परत भरताना एक ठेच लागली, तीही सांगतो. फाइल पाठवली, पडद्यावर काही नाही, आवाज बदलले नाहीत, आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे आतले आवाज चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून असलेलं कुलूप. डीएक्स7 दर वेळी चालू केल्यावर ते आपोआप लागू होतं. आतल्या मेमरीचं प्रोटेक्ट काढल्याशिवाय तो काहीच आत घेत नाही. काढलं, पुन्हा पाठवलं, 32 आवाज जागेवर. स्वस्त केबलनेच परत भरायचं असेल तर संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये पाठवण्याचा वेग कमी करता येतो, त्याने काम होऊ शकतं. उतरवताना मात्र वेग की-बोर्डाच्या हातात असतो, तिथे हा उपाय नाही.

स्विचवरची पट्टी काढली. मामाला फोन लावला, फोन स्पीकरजवळ ठेवला, 32 वा आवाज निवडला, खालची सा दाबली आणि व्हील हळूहळू पुढे नेलं. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गियर टाक आता."