दोन प्रोसेसरांचा डेस्कटॉप : निवड आणि पहिली जुळणी

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील रेंडरिंगसाठी (म्हणजे रचलेल्या दृश्याचे अंतिम चित्र काढण्यासाठी) दोन प्रोसेसरांचा डेस्कटॉप जुळवण्याचे काम या आठवड्यात पहिल्यांदा पडद्यावर चित्र दिसण्यापर्यंत आले आहे. बरेच दिवस घोळ घातल्यानंतर निवड इंटेलच्या झिऑन ई५-२६८० व्ही४ या वापरलेल्या जोडीवर येऊन थांबली. तिच्याशी खरी स्पर्धा ई५-२६६७ व्ही४ची होती; त्यात प्रत्येकी ८ कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्‌झ, तर २६८० मध्ये १४ कोअर आणि वेग २.४. एखाददुसऱ्या कोअरवरच चालणाऱ्या कामांत २६६७ नक्कीच सरस ठरला असता, परंतु ब्लेंडरचे सायकल्स हे रेंडरिंग इंजिन काम सर्व कोअरांना वाटून देत असल्यामुळे १६ चपळ कोअरांपेक्षा २८ मध्यम कोअर मला अधिक फायद्याचे वाटले. केवळ गेमसाठी मशीन हवे असेल, तर या वाटेला जाऊच नये.

जुळणी करताना पहिली फजिती माझ्याच घाईने झाली. दुसरा प्रोसेसर यायचा होता म्हणून एकावरच मशीन सुरू करून पाहिले, तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. दोन तास रॅम काढून-घालून, तिचे संपर्क खोडरबराने पुसून झाल्यावर मदरबोर्डची पुस्तिका उघडली (हे आधी करायला हवे होते). ग्राफिक्स कार्ड ज्या स्लॉटमध्ये होते, त्याच्या पीसीआय एक्सप्रेस लेन (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात माहिती नेणाऱ्या वाटा) दुसऱ्या सॉकेटकडून, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरच्या जागेकडून येतात. तो रिकामा असेल तर स्लॉट मृतच. कार्ड एक घर वर सरकवताच चित्र आले.

रॅमचेही तसेच आहे. प्रत्येक प्रोसेसरला चार चॅनेलांची (मेमरीकडे जाणाऱ्या समांतर वाटांची) स्वतःची मेमरी असते आणि शेजाऱ्याच्या मेमरीपर्यंत त्याला क्यूपीआय या दोन प्रोसेसरांना जोडणाऱ्या दुव्यावरून जावे लागते. दुसरा प्रोसेसर बसवल्यावरही १६ जीबीच्या चारही रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीच्या प्रकारच्या) पट्ट्या पहिल्याच्याच बाजूला राहिल्या होत्या, त्यामुळे लिनक्सवर ‘न्यूमासीटीएल’ या मेमरीची वाटणी दाखवणाऱ्या आदेशाने दुसऱ्या नोडची, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूची मेमरी शून्य दाखवली. तूर्त दोन्हीकडे दोन-दोन पट्ट्या लावल्या आहेत. आणखी चार आल्या की सर्व चॅनेल भरतील. विंडोजवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे : होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, दोन्हींसाठी प्रो लागते.

कूलर मागवण्यापूर्वी मात्र तो बसवायच्या बोर्डवरील भोकांमधील अंतर मोजले, ते बरे झाले. माझ्या बोर्डवर अरुंद, म्हणजे ५६ बाय ९४ मिलिमीटरची बैठक आहे, तर मी निवडलेला कूलर ८० बाय ८०च्या चौरस बैठकीचा निघाला. एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) प्रोसेसरसाठी आठ पिनांच्या दोन स्वतंत्र केबली आहेत, त्यामुळे तो बदलावा लागला नाही. कॅबिनेट मात्र बदलणे भाग आहे, कारण १२ बाय १३ इंचांचा हा बोर्ड जुन्यात शिरत नाही आणि तोवर सगळा संसार जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्यावर मांडलेला आहे.