पट्टी पाहून घे बे!

आमच्या भजनी मंडळात गाणारा माणूस पट्टी, म्हणजे पेटीचा कोणता सूर सा धरून गाणार ते, सांगत नाही. तालुक्याच्या क्लासात सर आधी विचारायचे, काळी एक की पांढरी एक, मग मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लागायचं, मग सा लावायचा, मग कुठं गाणं. इथं काका वावरातून येतात, हातपाय धुतात, सतरंजीवर बसतात, एकदा खाकरतात आणि सुरू! दिवसभर फवारणी करून घसा वाळला असेल तर खालच्या सुरात, पोळ्याच्या दिवशी पोटभर झोप झाली असेल तर वरच्या. पेटीवाल्यानं, म्हणजे मी, पट्ट्या हळूच दाबून त्यांचा सा शोधायचा, तोवर पहिली ओळ निघूनही गेलेली असते. जास्त वेळ लागला की मागून खंजिरीवाला ओरडतेच, "पट्टी पाहून घे बे!"

क्लासमध्ये हे कोणी शिकवत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा म्हणजे प्रारंभिक, प्रवेशिका, भूपाचा छोटा ख्याल, आलाप, ताना आणि तोंडी परीक्षेत रागाची व्याख्या. त्याला मी नावं ठेवत नाही हो. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला ते विद्यालय काढलं म्हणून तर घराण्याच्या उंबऱ्याआतलं गाणं माझ्यासारख्या कापूसवाल्याच्या पोरापर्यंत आलं, नाहीतर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात कोण उस्ताद येणार होता. पण तिथं सुरांच्या सरावाचे सगळे अलंकार एकाच पट्टीतून घोटले जातात, आणि पारावर बसलं की बाराच्या बारा पट्ट्यांतून यावं लागतं, तेही अंधारात, कारण लाइटचा गोळा नेहमी गाणाऱ्याच्या डोक्यावर असते, पेटीवर नाही.

आता ही पेटी तरी कुठं आपली. 1842 मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिरानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ती खुर्चीवर बसून पायानं भाता मारत वाजवायची. पुढं त्याच शतकात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची पेटी काढली. एक हात भात्यात अडकला तरी आपलं काही अडत नाही, दोन्ही हातांनी कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक सूर, वाजवायची सवय आपल्याला नव्हतीच. तिकडच्या लोकांना मात्र एकाच रचनेत या सुरावरून त्या सुरावर घर बदलायचं असतं, म्हणून त्यांनी सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडले, शेजारच्या दोन पट्ट्यांत बरोबर 100 सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप). सारखे पाडल्यामुळे सा सोडला तर एकही सूर नेमका जागेवर बसत नाही. पंचम, म्हणजे प, चालून जातो, त्यात 2 सेंटचाच फरक आहे, पण तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार, म्हणजे ग, पेटीच्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट खाली असतो. तयार कानाच्या माणसाला तो टोचतो. शिवाय पेटीला मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. म्हणून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटी बंदच करून टाकली, रवींद्रनाथांनाही ती नको होती, आणि 1971 पर्यंत रेडिओवर तिला दार उघडलं नाही. आमच्या मारुतीच्या पारावर या बंदीची खबर पोचली होती की नाही देव जाणे, पेटी मात्र चालूच होती.

माझं मत विचाराल तर हे बारा सारखे तुकडे युरोपच्या वाद्यवृंदाइतकेच आमच्या मंडळाच्या कामी आले. काका काळी दोनमधून गातात, पाटील काळी पाचमधून, बाया बसल्या तर त्यांचं आणखीनच वेगळं, आणि पेटी एकच. कोणी चोखंदळ कारागिरानं पितळी सूर घासूनपुसून काळी दोनला तंतोतंत लावून दिले असते तर पाटील कायमचे बेसूर झाले असते. आता सगळेच सारखे थोडेथोडे बेसूर आहेत, त्यामुळे कोणाची तक्रार नाही.

खंजिरीचं प्रकरण याहून अवघड. आमच्याकडं खंजिरी म्हटलं की तुकडोजी महाराज. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेलं ते भजन विदर्भातल्या गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत आजही तसंच म्हणतात. महाराजांनी मराठीत लिहिलं तसंच हिंदीतही लिहिलं, त्यामुळंच असेल कदाचित, आमच्या भजनात कव्वालीच्या अंगाची चाल शिरली तरी कोणी दचकत नाही. थंडीत खंजिरीचं कातडं उतरते, मग आमचा खंजिरीवाला ती शेकोटीवर धरतो, टिचकी मारतो, कानाजवळ नेतो, मान हलवतो, परत धरतो, आणि तोवर सगळे बीड्या ओढत गप्पा हाणत बसतात. वाजवायला लागला की क्लासमधला केरवा विसरायचा. मात्रा आठच आहेत, पण वजन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नसते, ते पुढं कुठंतरी सरकलेलं असते, आणि कुठं सरकलं हे विचारलं तर म्हणते, "हात सांगते." आता यावर काय बोलणार!

मंडळाची भजनाची वही एकदा नीट पाहण्यासारखी आहे. निळी शाई, पानांवर समईच्या तेलाचे डाग, कोपरे दुमडलेले. प्रत्येक भजनाच्या वर "चाल" असं लिहून पुढं एखाद्या सिनेमाच्या गाण्याचे सुरुवातीचे दोन शब्द. नोटेशन वगैरे काही नाही. गंमत अशी की त्यातली निम्मी सिनेमाची गाणी आता कोणाला येतच नाहीत, भजन पाठ आहे म्हणून त्यावरून उलटं गाणं ओळखावं लागते. मीही एका अभंगाला चाल लावली, दुर्गा रागात, चांगली सोज्वळ. काकांनी दुसऱ्याच गुरुवारी त्यात कुठूनसा कोमल निषाद आणला. दुर्गात निषाद वर्ज्य, परीक्षेत असं गायलं तर मार्कच कापतील, पण ओळ ओढून "विठ्ठला"वर येताना तो असा बसला की आता मलाच काढावासा वाटत नाही. चाल माझी का काकांची हे ठरवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, वहीत वरची जागा अजून कोरीच आहे.

पण सगळंच असं उचलता येत नाही बरं का. पांढरकवड्याकडून एक परधान बाबा ग्रामजयंतीला, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या जयंतीला, आले होते, किंगरी घेऊन. तीन तारा, घोड्याच्या केसांचा गज, आणि त्यावर गोंडांच्या कुळांच्या, देवांच्या कथा, हेच परधानांचं पिढीजात काम. किंगरीवर पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, बोट थांबलं तिथं सूर. त्यांच्या गंधाराजवळ पेटीचा गंधार दाबला की दोन्ही सूर एकमेकांवर घासून घूं-घूं-घूं असं कापायला लागतात, अगदी स्पष्ट ऐकू येते. मग मी सा आणि पंचम धरून बसलो, बाकी बोटं गप. नंतर चहा पिताना बाबा म्हणाले, "पेटी चांगली हाये तुमची, फक्त बोलते लय."

त्या रात्री पोट्ट्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं आणि सकाळी स्टेटसला टाकलं. त्या कथेला रात्र पुरत नाही आणि यांनी अर्ध्या मिनिटाचा तुकडा ठेवला, तोही जिथं बाबा खोकले तिथून. आमच्यातला एक पोट्टा धुमाल पार्टीत, म्हणजे लग्न-वरातीच्या बँडमध्ये, कीबोर्ड वाजवते, त्यानं तर ती चाल ऑक्टोपॅडवर चढवून लग्नात वाजवायचं ठरवलं. सिनेमाची चाल भजनाला घेतली तर कोणाचा देव दुखावत नाही, पण ही चाल एका कुळाच्या देवाची होती, निदान विचार तरी, असं मी म्हटलं. त्यानं खरंच फोन लावला. बाबा म्हणाले, "वाजव, पण देवाचं नाव त्यात घेऊ नको, आणि दारू पिऊन वाजवू नको." पहिली अट त्यानं लगेच मान्य केली.

आता याच पोट्ट्यानं मंडळात नवीन टुमणं लावलं आहे की पेटी सोडा, कॅसिओचा कीबोर्ड घ्या. ट्रान्सपोजचं बटण दाबलं की कोणतीही पट्टी, बोटं आपली त्याच जागी. ऐकायला सोयीचं आहे, आणि पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगतात, उंदीर भात्याचं चामडं खातात, हेही खरंच. पण भजन रंगात आलं, गजर सुरू झाला की काका नकळत अर्धी पट्टी वर चढतात, कधी पूर्ण, आणि तिथं सगळं मंडळ त्यांच्यामागं चढते, त्या भरात कोणतं बटण कोण दाबणार? वरून लाइन, म्हणजे वीज. आमच्या फिडरवर ती भजनाच्याच वेळी जाते, अंदाज घेऊन जाते की काय कोण जाणे. वर्गणीची यादी फिरायला लागली आहे, काकांनी स्वतः शंभर रुपये लिहिले आहेत, माझ्या नावापुढची रेघ अजून तशीच आहे.