जर्मनीची स्टडी टूर: एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा

22 पोरं आणि आम्ही दोन मास्तर, पुण्याहून जर्मनीत आखेनला नऊ दिवस जाऊन आलो. परवाच उतरलोय, झोप झालेली नाही, चिडचिड दिसली तर समजून घ्या.

एजंटने माणशी 90 युरो व्हिसा फी लावली आणि आम्ही गपगुमान भरली. तिथल्या विद्यापीठातल्या बाईंनी सहज विचारलं, फी का भरलीत? शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या, नियमात शिक्षणासाठी येणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना ती माफच असते, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज तेवढा लागतो. आमच्या पठ्ठ्याने अर्जच टुरिस्ट म्हणून टाकलेले. 24 जणांचे 2,160 युरो गेले ना राव! विचारलं तर म्हणे, "सर, असं सोपं पडतं." कोणाला? तेव्हा निमंत्रणात आणि कॉलेजच्या पत्रात शैक्षणिक कारण स्पष्ट लिहून घ्या आणि फॉर्म सबमिट व्हायच्या आधी स्वतः वाचा.

अर्ज सहा महिने आधीपासून टाकता येतो. निकाल 15 दिवसांत अपेक्षित असतो पण 45 पर्यंत लांबू शकतो, म्हणून सेमिस्टर संपायची वाट बघू नका. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा. अठराच्या आतलं कोणी असेल तर आईवडील दोघांच्या सह्या लागतात, आमच्या एकाचे वडील नेमके दुबईला.

आता कोलोन, आखेनच्या वाटेवरचं शहर, जिथे आम्हाला गाडी बदलायची होती. फ्रँकफर्ट एअरपोर्टवरून बसलो ती फास्ट ट्रेन मेन स्टेशनला जातच नाही, ऱ्हाईन नदीच्या अलीकडे डॉइट्झ स्टेशनला सोडते, आणि आमची आखेनची गाडी पलीकडच्या मेन स्टेशनवरून! तिकिटावर कोलोन वाचून आम्ही निवांत. मग रात्रभराच्या विमानप्रवासानंतर 24 बॅगा ओढत, पावसात, त्या प्रेमी जोडप्यांनी कुलपं लावलेल्या पुलावरून चालत गेलो, एका बॅगेचं चाक तिथंच निखळलं, आणि पलीकडे पोचल्यावर कळलं की डॉइट्झवरून लोकलने तीन मिनिटं लागतात. पोरं हसत होती, मी नव्हतो. स्टेशनचं पूर्ण नाव वाचा, बास.

विद्यापीठातले दिवस छान गेले, लॅब वगैरे झकास.

आणि पेढे, तूप नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ चालत नाहीत. शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर न्या. आम्ही रविवारी पोचलो, सगळी सुपरमार्केटं बंद, रात्री चटणी आणि एअरपोर्टवरचा ब्रेड खाऊन झोपलो.