टीपी, एपी, एमपी: वक्र अंदाजाने वाकवू नका, सूत्रातून काढा

अर्थशास्त्राच्या नोट्स लेटेकमध्ये (कोड लिहून मजकूर छापण्याजोगा मांडणारी प्रणाली) करणाऱ्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे, उत्पादनाचे वक्र अंदाजाने काढू नका. टिक्झ, म्हणजे लेटेकचं आकृत्या काढायचं पॅकेज, हाताशी असलं की मोह होतोच, एक पॉइंट इकडे, एक तिकडे, मध्ये दोन कंट्रोल पॉइंट टाकले की छान गुळगुळीत रेघ येते. पण वर टीपी (एकूण उत्पादन) आणि खाली एपी (दर कामगारामागे सरासरी उत्पादन) व एमपी (सीमांत उत्पादन, म्हणजे एक कामगार वाढवला की उत्पादनात पडणारी भर) अशी जी जोडआकृती आपण शिकवतो त्यातले तीन वक्र सुटे नसतातच, तिन्ही एकाच फलनातून निघतात, आणि अंदाजाने काढले की मग एमपी एपीला शिखराच्या अलीकडेच छेदतो, नाहीतर वर टीपी अजून चढतोय आणि खाली एमपी कधीच शून्याखाली गेलेला. मुलं तीच आकृती जशीच्या तशी पेपरात उतरवतात.

म्हणून आधी सूत्र ठरवायचं. मी वापरते ते अगदी साधं आहे, क म्हणजे कामगारांची संख्या धरा, टीपी = १२क² − क³. याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की एमपी = २४क − ३क², आणि टीपीला क ने भागलं की एपी = १२क − क². हे घेण्याचं कारण म्हणजे सगळे महत्त्वाचे पॉइंट पूर्णांकात येतात. ४ कामगारांवर एमपी सर्वात जास्त, ४८, आणि बरोबर तिथेच टीपीचा बाक बदलतो. ६ वर एपीचं शिखर ३६, आणि एमपीसुद्धा ३६. ८ वर एमपी शून्य आणि टीपी कमाल, २५६. म्हणजे उत्पादनाच्या तीन टप्प्यांपैकी पहिला टप्पा ६ पर्यंत, दुसरा ६ ते ८, तिसरा त्यापुढे. वर्गात फळ्यावर हाच हिशोब करून दाखवता येतो आणि आकृतीशी ताडून बघता येतो.

आता कोड. नुसत्या टिक्झमध्ये हे फलन प्लॉट केलं तर एक युनिट म्हणजे एक सेंटीमीटर, म्हणजे २५६ सेंटीमीटर उंच आकृती! त्यापेक्षा टिक्झवरच बेतलेलं आलेखांचं पॅकेज पीजीएफप्लॉट्स घ्या, ते स्केल स्वतः सांभाळतं. अॅडप्लॉट या कमांडमध्ये सूत्र द्यायचं, डोमेन ० ते ९, आणि सॅम्पल्स १०० करायचे, कारण डिफॉल्ट २५ असतात आणि मोठ्या आकृतीत रेघ किंचित कोनाकोनाची दिसते. एपी लिहिताना टीपी भागिले एक्स असं लिहू नका, शून्यावर भागाकार अडतो, सोपं केलेलं रूपच द्या.

दोन अॅक्सिस एकाखाली एक ठेवायचे, दोन्हींना एक्समिन-एक्समॅक्स सारखंच, आणि स्केल ओन्ली अॅक्सिस हा पर्याय चालू ठेवायचा म्हणजे डावीकडच्या आकड्यांची रुंदी वेगळी असली तरी दोन्ही चौकटी एका रेषेत बसतात. वरच्या अॅक्सिसमध्ये टीपीवरच्या ४, ६, ८ च्या पॉइंटना कोऑर्डिनेट म्हणून नावं द्या, खालच्यातही तसंच, आणि दोन्ही अॅक्सिस संपल्यावर त्यांना जोडणाऱ्या तुटक रेघा ओढा. खालच्या आकृतीत एक्स अक्ष मिडलला ठेवायला विसरू नका, लेफ्ट दिलं की तो तळाशी जातो आणि एमपी शून्याला कुठे छेदतो तेच दिसत नाही, तिसरा टप्पा समजावणार कसा मग?

आणि माझा सर्वात आवडता भाग म्हणजे एक जादा रेघ. वरच्या आकृतीत ३६ गुणिले एक्स ही सरळ रेघ काढा, आरंभबिंदूतून निघणारी. ती टीपीला बरोबर ६ वर स्पर्श करते, २१६ ला, कुठेही कापत नाही. आरंभबिंदूपासून वक्रापर्यंतच्या रेघेचा चढ म्हणजे एपी आणि वक्राचा स्वतःचा चढ म्हणजे एमपी, आणि स्पर्श होतो तिथे दोन्ही चढ एकच, म्हणून एपीच्या शिखरावरच एमपी त्याला छेदतो. हे तोंडी सांगून मुलांना पटत नाही, ही रेघ बघून पटतं.

कुणाला वाटेल एवढा काटेकोरपणा कशाला. अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनरचं उदाहरण घ्या, १९३१ च्या त्याच्या खर्चवक्रांवरच्या लेखातलं. दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र सगळ्या अल्पकालीन वक्रांच्या तळबिंदूंतून जावा आणि तरी त्यांच्यापैकी कुणाच्याही वर जाऊ नये असं त्याने आकृती काढणाऱ्या वोंगला सांगितलं, आणि वोंग गणितातला माणूस, त्याने हे शक्यच नाही म्हणून सांगितलं. तरी वायनरने तळबिंदूंचा हट्ट धरला आणि आकृती तशीच छापली गेली, दीर्घकालीन वक्र काही ठिकाणी अल्पकालीन वक्रांच्या वर गेलेला. आज वोंगचं काम सूत्र करतं, जे जुळत नाही ते जुळल्यासारखं दाखवायला ते तयार होत नाही.

लेबल मराठीत हवीत तर पीडीएफलेटेक सोडा, झीलेटेक किंवा लुआलेटेक घ्या. लुआलेटेकमध्ये फॉन्टस्पेकला (फॉन्ट निवडायचं पॅकेज) रेंडरर हार्फबझ आणि स्क्रिप्ट देवनागरी असं दोन्ही सांगावं लागतं, नाहीतर उत्पादनातलं जोडाक्षर फुटतं आणि वेलांटी भलतीकडे जाते. फॉन्ट मी मुक्ता वापरते, बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. अक्षावरचे आकडे देवनागरीत हवेत तर एक्सटिकमध्ये जागा आणि एक्सटिकलेबल्समध्ये ४, ६, ८ हाताने लिहायचे.

रंगांवर मात्र भिस्त ठेवू नका, नोट्सची शेवटी झेरॉक्सच निघते. एपी तुटक, एमपी सलग जाड, स्पर्शरेषा ठिपक्यांची, आणि दुसऱ्या टप्प्यात फिलबिटवीनने (दोन वक्रांमधली जागा भरणारी पीजीएफप्लॉट्सची सोय) अगदी फिकी करडी छटा, दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे झेरॉक्सवरही वक्र आणि लेबल त्यावर नीट वाचता येतात.