वेबिल

बुधवार, रात्री पावणेअकरा

दिवसभरात लघवीच्या अकरा फेऱ्या. सगळ्यात जास्त 140 मिली, सगळ्यात कमी 60. रात्रीच्या अजून व्हायच्यात.

डॉक्टरांनी तीनच दिवस लिहून आणा म्हटलं होतं. किती प्यालो, किती वाजता गेलो, किती झाली. आज माझा बारावा दिवस. एकतीस वर्षं बेळगाव-कोल्हापूर गाडीवर कंडक्टरकी केली. स्टेज आली की वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, आकडा टाकायचा, त्यामुळे वही उघडली की हात आपोआप रकाने आखतो. मापाला औषधाच्या दुकानातला प्लॅस्टिकचा मग आणलाय. चुकून कुणी स्वयंपाकघरात नेऊ नये म्हणून हिने त्याच्यावर तांबड्या नेलपॉलिशची फुली मारलीय.

2021 साली प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी किरणांचे पस्तीस शेक घेतले, आठवड्याला पाच. रोज पोट साफ करून यायचं, मग पाणी पिऊन, लघवी धरून टेबलावर पडायचं. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं, त्यांना किरण कमी लागतात, म्हणून हा खटाटोप. तेव्हा जळजळ झाली ती महिना-दीड महिन्यात गेली. पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटचा आकडा, खाली आला. मी समजलो सुटलो.

तीन वर्षांनी, शिमगा झाल्यावर, लघवी तांबूस दिसायला लागली. ही म्हणाली, "उन्हाळी लागली असणार बगा. चा कमी करा म्हटलं तर ऐकत नाही." धण्याजिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. मलाही ते सोयीचं होतं. उन्हाळी म्हटलं की दुसरा शब्द तोंडात आणावा लागत नाही. आठ दिवस असे काढले. नवव्या दिवशी रक्ताच्या गाठी अडकल्या आणि थेंब बाहेर येईना. नळी घालून रात्रभर मूत्राशय धुतलं. त्या रात्रीबद्दल जास्त लिहीत नाही.

लघवीची कल्चर झाली, सोनोग्राफी झाली, शेवटी दुर्बीण घातली. नवी गाठ नाही. हे शेकाचंच देणं, उशिरा आलेलं. मूत्राशयाच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होतात, भिंत चिवट होते, ताणत नाही. तिथं ज्या नव्या नाजूक वाहिन्या येतात त्या जराशानं रक्त सोडतात. डेपोत उन्हात पडलेली टायरची ट्यूब मी बघितलीय, त्यामुळे मला दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. चांगल्या माणसाच्या मूत्राशयात 400-500 मिली मावतं. माझा आकडा वर लिहिलाय.

पहिल्यांदा मी पाणीच तोडलं. कुठं जायचं असलं की सकाळपासून घोटभर नाही. वहीनं ते उघडं पाडलं. पाणी तोडलेल्या दिवशी फेऱ्या चौदा, दोन लिटर प्यालो त्या दिवशी अकरा. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते आणि आतून जास्त बोचते. चहाचंही वहीनं सांगितलं, पण ते हिला अजून दाखवलेलं नाही. आता सातनंतर पाणी कमी करतो, दिवसा नाही. कळ आवरायची गोळी चालू आहे, तोंड कोरडं पडतं. लघवी झाल्यावर आत किती उरते ते बघूनच ती दिली. रक्त परत आलं तर बंद खोलीत जादा दाबाखाली ऑक्सिजन देतात, तो इलाज बघू म्हणालेत. त्याच्या तीस-चाळीस फेऱ्या असतात. आणि व्यायाम: चारचौघांत वारा अडवतो तसे आतले स्नायू आवळायचे, सोडायचे. हा व्यायाम कंडक्टरला काय शिकवायचा!

कळ आली की पळायचं नाही, जागेवर थांबून आवळायचं, लाट ओसरू द्यायची. आज दोनदा जमलं. तिसऱ्यांदा पायजमा बदलला.

तिसऱ्यांदाचं झाल्यावर एक म्हातारा आठवला. वंटमुरीच्या घाटात तो सीट धरत धरत पुढं आला होता. "जरा थांबवा की ओ." मी म्हटलं, "आजोबा, संकेश्वर येतंय, जरा कळ काढा." घाटात गाडी थांबवणं धोक्याचं, हे खरंच. पण पुढं हत्तरगीच्या अलीकडे सरळ रस्ता लागतो, तिथंही मी दोरी ओढली नाही. गाडी लेट होती. संकेश्वरला तो उतरला तेव्हा डोक्यावरची टोपी काढून त्यानं धोतरापुढं धरली होती. मागं बसलेली पोरं हसली. मी वेबिल भरत होतो.

रविवारी निपाणीला साखरपुडा आहे. दोन वर्षांत निपाणी बघितलेली नाही. पुतण्या त्याची गाडी घेऊन येतोय, म्हणाला, काका, हवं तिथं थांबू. पिशवीत जादा पायजमा आणि पॅड घातलेत. सकाळी चहा नाही. निघताना एकदा जायचं, आणि घाट उतरल्यावर हत्तरगीच्या अलीकडे त्या सरळ रस्त्याला एकदा थांबायचं. लागली नसली तरी.