तुम्ही विचारलंत म्हणून: दोनच माणसं, मग एवढा ट्रक कशाला?

डेन्व्हरच्या गणपतीत दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. आरती झालेली असते, हातात प्रसादाची वाटी असते आणि बाहेर पार्किंगमध्ये दोन गाड्यांची जागा अडवून आमचं धूड उभं असतं. "काकू, तुम्ही तर दोघंच. एवढा ट्रक कशाला?" पुण्याच्या बहिणीच्या डोळ्यांसमोर ट्रक म्हटलं की टाटाचा ४०७ येतो, पुढे लिंबू-मिरची लटकवलेला. मी तो स्वतः चालवते हे तिला अजून पटलेलं नाही.

अमेरिकेत ट्रक म्हणजे पिकअप, हे आधी सांगून टाकते. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. आमचा त्यातला 'वन-टन' म्हणतात तो आहे, डिझेलचा. (नाव फार जुनं आहे. आजचा वन-टन एक टनाहून बरंच जास्त पेलतो.) त्याच्यामागे असतं आमचं चाकांवरचं घर: ३२ फुटी कॅम्पर, त्यात झोपायची खोली, ओटा, संडास-बाथरूम, सगळं. ट्रक फोर्ड, रॅम की शेवरोले, ते मात्र सांगणार नाही. त्या वादात पडलेली माणसं जेवायला उठत नाहीत.

तर ओढायचं म्हणाल तर लहान ट्रकही ओढतो. मोठा लागतो तो ओझं मानेवर पेलायला आणि उतारावर आवरायला. हे कळायला आम्हाला दोन वर्षं आणि एक मोठी भीती लागली.

२०१६ साली पहिला कॅम्पर घेतला तेव्हा आमच्याकडे पेट्रोलवर चालणारा 'हाफ-टन', म्हणजे लहान वर्गातला ट्रक होता. कॅम्पर भरल्यावर ७,६०० पौंडांचा. विक्रेत्याने ब्रोशर उघडून दाखवलं, ट्रक १०,००० पौंड ओढतो. आम्ही खूश. आकडा खोटा नव्हताच. पण ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पिवळं-पांढरं एक स्टिकर असतं, ते आपणहून कोणी दाखवत नाही. माणसं आणि सामान मिळून या ट्रकवर किती वजन चढवता येईल, ते त्यावर छापलेलं असतं. आमच्यावर होतं १,४८० पौंड, म्हणजे ६७० किलो.

आता बेरीज बघा. मागे जोडलेल्या कॅम्परच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हिचवर (ट्रक आणि कॅम्पर जोडणारा सांधा), म्हणजे ट्रकच्या पाठीवर उतरतो. आमचा साडेबारा टक्के होता, ९५० पौंड. लोखंडी हिच ९०. आम्ही दोघं ३१०, आणि हा आकडा नवऱ्याच्या परवानगीने छापते आहे. हौद्यात जनरेटर, हत्यारं, खुर्च्या, लाकडं, तांदळाची पिशवी, कुकर मिळून २५०. झाले १,६००. म्हणजे मैलभरही न जाता आम्ही १२० पौंडांनी चुकलेलो.

हे स्टिकर दिसल्यावर नवऱ्याने युक्ती काढली. हिचवरचा भार कमी करायचा ना? मग जड सामान कॅम्परच्या मागच्या टोकाला ठेवू.

मी कोरेगावच्या बाजूची. मामाकडे कारखान्याला उसाच्या बैलगाड्या जायच्या, आणि गाडी भरताना मामा दर खेपेला पुढच्या मोळ्या हाताने दाबून बघायचा. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते: दांडी वर उठते, जू उचललं जातं, जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळतात. थोडा भार मानेवर हवाच. लहानपणापासून माहीत असलेली ही गोष्ट त्या दिवशी मला आठवू नये, याचं आजही नवल वाटतं.

बैलगाडी बैलाच्या चालीने जाते, म्हणून उलाळ झाली तरी निभतं. ताशी ६० मैलांवर उलाळ कॅम्पर शेपूट हलवायला लागतो. वायोमिंगमध्ये इंटरस्टेट ८० वर लॅरमी ते रॉलिन्सचा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे. रिकामे मालट्रक तिथे आडवे होतात. एल्क माउंटनच्या अलीकडे एक अठरा चाकी आमच्या डावीकडून पुढे गेली. तिच्या वाऱ्याने कॅम्पर आधी बाहेर ढकलला गेला, मग आत ओढला गेला, आणि मग थांबेचना. आरशात तो एकदा डावीकडे दिसायचा, एकदा उजवीकडे, आणि दर झोक्याला ट्रकचा मागचा भाग त्याच्याबरोबर सरकायचा. अशा वेळी पाय ब्रेककडेच धावतो, आणि ट्रकचा ब्रेक जोरात दाबणं हीच मोठी चूक. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवरच्या छोट्या खटक्याने फक्त ट्रेलरचे, म्हणजे कॅम्परचे, ब्रेक लावायचे, म्हणजे मागचा मागे खेचला जाऊन सरळ होतो. मला हे वाचून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. तरी झालं. पुढच्या एक्झिटला उतरून आम्ही बराच वेळ न बोलता सामान पुढे आणून ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रक स्टॉपवरच्या भुईकाट्यावर गेलो. कॅम्परवाल्यांनी तिथे जायला लाजू नये. पंधरा-वीस डॉलरांत पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर, तिन्हींची वेगवेगळी वजनं छापून मिळतात. आता सामान पुढे होतं, आणि ट्रकचा मागचा आस मर्यादेच्या वर. म्हणजे सामान मागे ठेवलं तर कॅम्पर डोलणार आणि पुढे ठेवलं तर ट्रक वाकणार. २०१८ मध्ये वन-टन आला.

मधला 'थ्री-क्वार्टर टन' का नाही, हेही विचारतात. त्यात एक मेख आहे. त्या वर्गातल्या बऱ्याच ट्रकचं भरलेलं एकूण वजन कागदोपत्री १०,००० पौंडांच्या आत राखलेलं असतं. त्यात डिझेल इंजिन घेतलं की इंजिनाचं वजनच इतकं की तुमच्या वाट्याला दोन-सव्वादोन हजार पौंड उरतात. आमचा नवा कॅम्पर 'फिफ्थ व्हील' प्रकारचा, त्याची जोडणीची पिन हौद्यात बरोबर मागच्या आसावर बसते. डोलणं जवळपास संपलं, पण वजनाचा २० ते २५ टक्के भार पाठीवर येतो. आमच्या ११,५०० पौंडांत तो २,५०० च्या वर. वन-टनाच्या स्टिकरवर ३,९०० आहेत. आता कुकर दोन नेले तरी चालतं.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. खंबाटकी, वरंधा, आंबेनळी हे त्यांचे घाट. नवा ट्रक घेतल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा सगळ्यांनी किंमत विचारली, ॲव्हरेज विचारलं. अण्णांनी एकच विचारलं, "थांबतो कसा?"

डिझेल घेतलं ते निम्मं यासाठीच. कोलोराडोत राहून डोंगर टाळता येत नाही. इंटरस्टेट ७० ने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगदा लागतो, समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांच्या वर. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. वर पोचेपर्यंत तिसरा हिस्सा हवेत गेलेला असतो. टर्बो डिझेलला विरळ हवा तितकी बाधत नाही. पण खरी परीक्षा बोगद्यातून बाहेर पडल्यावर. सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा लांबलचक उतार, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ बांधून ठेवलेले. ट्रक-कॅम्पर मिळून आम्ही नऊ टनांच्या जवळ. एवढं वजन ब्रेकवर धरलं तर अर्ध्या वाटेत लायनर जळल्याचा वास येतो आणि पेडल मऊ पडतं. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो: बटण दाबलं की टर्बोच्या पात्या मिटतात, धुराची वाट अरुंद होते, इंजिन स्वतःच्याच श्वासावर अडतं आणि गाडी आवरली जाते. खालचा गिअर, ताशी ४५ मैल, पाय ब्रेकच्या बाजूला मोकळा. ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर, असं अण्णा सांगायचे. आजच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही तेच शिकवलंय.

देखभालीचं आता. हा बैल बसून खाणारा आहे, हे आधी कबूल करते. एका तेलबदलीला इंजिनप्रमाणे दहा ते तेरा क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळपास लिटरभर) तेल लागतं, साध्या कारच्या दुपटीहून जास्त. डिझेलचे फिल्टर वेळेवर बदलायचे आणि खालचं पाणी काढायचं, कारण या इंजिनांचा दाब इतका असतो की थेंबभर पाणीही इंजेक्टरला महाग पडतं. बॅटऱ्या दोन. हिवाळ्यात ट्रकच्या नाकातून विजेची वायर लोंबते, ती रात्री भिंतीत खोचायची, म्हणजे इंजिन कोमट राहतं. आणि त्याला नुसतं घरी बांधून ठेवायचं नाही. जवळच्या जवळ फिरवला तर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तुंबतो, तो स्वतःला जाळून साफ करायला लांबची, तापलेली फेरी मागतो. म्हणून दर रविवारी मी किराण्याला जवळचं दुकान सोडून शेजारच्या अरोरा शहराच्या पार पलीकडे जाते. कोथिंबिरीच्या दोन जुड्यांसाठी साडेतीन टनांचा ट्रक. हसा.

यातच युरियाची गोष्ट. धूर शुद्ध करायला वेगळ्या टाकीत डीईएफ नावाचं पाणी भरावं लागतं: ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. पुण्याच्या भाच्याला यात काहीच नवल वाटलं नाही. "अगं मावशी, आपल्याकडे बीएस-सिक्सच्या ट्रकनाही लागतं, ड्रायव्हर युरियाच म्हणतात." डिझेलचं आणि युरियाचं तोंड एकाच झडपेमागे शेजारी-शेजारी, युरियाचं झाकण निळं. युटात मोॲबजवळ पहाटेच्या अंधारात, चहाच्या आधी, नवऱ्याने अर्धा कॅन डिझेलच्या टाकीत ओतला. मग हात थबकला. इथे त्याने एक शहाणपण केलं. ट्रक सुरू केला नाही, किल्लीसुद्धा फिरवली नाही. किल्ली फिरली की पंप ते पाणी पुढे ढकलतो, आणि मग टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलायचं, बिल पाच आकडी डॉलरांचं. आमचं टाकी उतरवून धुण्यावर भागलं. आमचं घर ओढणारा ट्रक दुसऱ्याच्या ट्रकवर आडवा पडून गॅरेजला गेला, एवढाच काय तो अपमान.

ॲव्हरेज? रिकामा असताना लिटरला सातच्या आसपास, कॅम्पर मागे असताना चार. आता विचारू नका. हॉटेलात राहिलो असतो तर स्वस्त पडलं असतं, हेही खरं. वर्षातून दोन-तीनदाच जाणार असाल तर माझं ऐका, विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. आम्ही वर्षाचे शंभरएक दिवस बाहेर असतो, माझ्या पाठीला परक्या गाद्या चालत नाहीत, आणि सकाळी माझ्याच ओट्यावर माझा चहा लागतो. बाकी सगळी कारणं नंतर जमवलेली.

अण्णा २०२२ मध्ये आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बोगद्यानंतरच्या उतारावर ते शेजारच्या सीटवर ताठ बसले होते आणि त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर ब्रेक दाबत होता. मी बटण दाबलं, इंजिन गुरगुरलं, वेग ४५ वर स्थिर राहिला. ते काही बोलले नाहीत. सिल्व्हरथॉर्नला उतरल्यावर चहाला न थांबता ट्रकला एक फेरी मारली, मग कॅम्परच्या चारही चाकांशी वाकून हाताची पालथी बाजू एकेका चाकाच्या मध्यापाशी नेली. एसटी डेपोत लागलेली सवय.

"हे मागचं डावं गरम हाय गं."

चाकावर नेम धरून तापमान सांगणारं यंत्र माझ्याकडे आहे, दर थांब्याला ते लावायचं असं मीच सगळ्यांना सांगते. त्या दिवशी ते ड्रॉवरमध्ये होतं. आणून लावलं. तीन चाकं १२० फॅरनहाइटच्या आसपास, मागचं डावं १९०. बेअरिंगला वर्षातून एकदा नवं ग्रीस भरायचं असतं, आणि त्या वर्षी मी 'पुढच्या महिन्यात' म्हणत तीन महिने घालवले होते. मेकॅनिकने हब उघडला तेव्हा आतलं ग्रीस काळं पडून डांबरासारखं झालेलं. अण्णांनी ते बोटावर घेतलं, हुंगलं, आणि बोट माझ्यासमोर धरलं.